लख्ख भांड्यातलं पाणी

...आता वाऱ्यानं तरी किती पडून ऱ्हावं? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी लिंबाचं पान हालंना, आभाळ तव्यावानी काळं अन् तापलेलं, माश्या तर साऱ्या शहागंजात घोंगावायल्या, अन् आमच्या घरात एक नाय! का? तर आमचं घर लई स्वच्छ! आमची बायको द्वारकाबाई मला दारात पाय धुवायला लावायची, ओसरीवर पुन्हा लावायची, अन् वर म्हणायची, "टाचा ऱ्हायल्या!"

तर त्याच्या थोडे दिस आधी पल्याडच्या गल्लीत हैजा, म्हंजे पटकी, शिरला, माणसं गेली. दवंडी आली, उद्या विहिरीत लाल दवा टाकणार, तेच पाणी प्या. झालं! "रंगाचं पाणी माझ्या घरात? शिमगा हाय का?" म्हणत हिनं त्याच सांजेला घागरी, हंडे, कळशा राखेनं घासून घासून, दवा पडायच्या आधीच, काठोकाठ भरून ठेवल्या! मी म्हणलं, "अगं, सरकार काय येडं हाय का?" तर म्हणती, "सरकारच्या घरची भांडी बघितली का तुम्ही?" पाणी बी असं नितळ, की हंड्याचा तळ दिसावा! आमचं घर लई स्वच्छ!

आमची लेक आशा बाळंतपणाला आलेली, पोट हे एवढं... तिला तेच पाणी, तांब्यावर तांब्या. शेजारचा मुख्तार टांगेवाला लाल पाण्याचा चहा प्यायचा, तर ही म्हणायची, "बिचारा!"

अन् त्या दिवशी सकाळी आशा परसाकडं गेली. आली. पुन्हा गेली. मग उलट्या... "उष्णता झाली," ही म्हणती, "पाणी पी गं, भरपूर पी!" पोरीचे डोळे खोल गेले, हातपाय गार... एवढ्या उकाड्यात गार हो! अन् तिची माय काय करती? रडती बी अन् भुई बी पुसती! व्हय, आमचं घर लई स्वच्छ...

मी जन्मात पळालो नव्हतो, तसा मुख्तारच्या टांग्याकडं पळालो. मुख्तार घोडं जुंपता जुंपता म्हणला, "क्या खाया बच्ची ने?"

"खातीया कुठं, बाबा? नुसतं पाणी. आमचं चांगलं, दवेच्या आधीचं."

मुख्तारचा हात लगामावरच थांबला. एरवी हसल्याबिगर बोलत नाय तो. म्हणला, "कडूबाभाऊ, ज्या पाण्याला भिऊन दवा टाकली, तेच तर भाभींनी भरून ठेवलं की हो!"