शिट्टीचा पहारा

मंडळी, एक विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — आधी आपापल्या घरात काय चाललंय ते डोळ्यांपुढं आणा! दिलं — म्हणजे काय हो? सासूबाईंनी सुनेला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, आणि कपाट उघडताना स्वतः मागं उभ्या! दिल्या का? बापानं पोराला गाडी चालवायला दिली, आणि शेजारच्या सीटवर बसून आपलाच पाय दाबतोय — तिथं ब्रेकच नाही, तरी दाबतोय! दिली का? हसताय? हसा, हसा! हसणाऱ्यांत मला किल्लीवालेच जास्त दिसतात!

आजचं आख्यान ह्या एवढ्याच प्रश्नाचं. पुराणातलं नाही. आपल्या कोल्हापूरचं आहे — आणि फुटबॉलचं आहे! आजी, तुम्ही दचकू नका, माळ ओढत राहा. जिथं बावीस माणसं एकाच वस्तूमागं भान हरपून धावतात, तिथं देव बघायला येत नसेल असं मला तरी वाटत नाही.

तर ऐका! नदीकाठी एक कॉलेज. नाव नको, पुढं बसलेल्यांपैकी कुणी तरी तिथं नापास झालेलं असायचं! त्या कॉलेजात फुटबॉलला नवे कोच आले — निवृत्ती जरग. बापानं मोठ्या भक्तीनं नाव ठेवलं निवृत्ती. आणि माणूस असा, की कशातनंच निवृत्त होईना! खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या स्वतः तपासायचा! पण मंडळी, वाईट नव्हता हं. उलट जीव लावणारा. जो जीव लावतो ना, त्यालाच सोडायला जड जातं. त्याची थट्टा मी जपून करतो ती त्यामुळंच.

आधी त्या कॉलेजात खेळाडू कसे घेत? चिठ्ठीवर! ह्या तालमीच्या अध्यक्षांची चिठ्ठी, त्या पेठेच्या दादांची चिठ्ठी. भाचा आला, मेव्हणा आला. एका वर्षी तर एक जण आला, त्याला चेंडूची भीती वाटायची! चिठ्ठ्या मात्र दोन होत्या.

निवृत्तीसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं — चिठ्ठी बंद! जिल्ह्याच्या चार वाटण्या केल्या, चार माणसं नेमली. चौघांच्या गळ्यात एकेक शिट्टी घातली. म्हणाले, गावोगाव फिरा. पोरगं कुणाचं ते विचारू नका. त्याला कळू न देता त्याचा खेळ बघा. चेंडू पायात असताना सगळेच शहाणे असतात — चेंडू पायातनं गेल्यावर तो काय करतो, ते बघा! वा! काय बोलले हो! आणि ऑफिसातल्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘निवड करणाऱ्याचा शब्द शेवटचा.’

आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरांत — ‘सरांच्या संमतीने.’

आलं का ध्यानात? मोठ्या अक्षरांत दिलं, बारीक अक्षरांत ठेवून घेतलं! हा फळा विसरू नका, पुढं लागणार आहे.

त्या चौघांतला एक इब्राहीम मुजावर. सगळे चाचा म्हणायचे. तीस वर्षं मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम. कुणी म्हणालं, सर, रेघा मारणाऱ्याला काय कळतंय? चाचा म्हणाले, “चुन्यावर पाय उमटतो न्हवं सर, त्यावरनं मला माणूस कळतो. कोण टाचंवर पळतोय, कोण भीत भीत पळतोय.” सरांनी त्यांना घाटाकडची वाटणी दिली.

चाचा गेले घाटावर. तिथलं काय सांगू मंडळी! सकाळचं धुकं असं, की आपलाच हात आपल्याला पाहुणा वाटावा. धुक्यात म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजतायत, म्हशी दिसत नाहीत. पोरांचा गलका ऐकू येतोय, पोरं दिसत नाहीत. मग हळूहळू धुकं विरलं, आणि चाचांना दिसलं — डोंगराच्या टोकाला एवढंसं सपाट, त्यावर खेळ चाललाय. एका बाजूला दोन दगडांचा गोल. आणि गोलच्या मागं? जाळी? छे हो! दरी! चेंडू सुटला की गेला खाली, दोन तास खेळ बंद! त्या दोन दगडांत एक पोरगं उभं होतं. बिरू झोरे. धनगरवाड्यावरचं. बारावी झालेलं, अंगानं बारीक, उंचीला बेताचं. चाचा तीन दिवस करवंदीच्या जाळीआड बसून बघत राहिले. तीन दिवसांत एकही चेंडू दरीत गेला नाही.

चौथ्या दिवशी चाचा बिरूच्या बापाच्या झोपडीपुढं बसले. बाप म्हणाला, “त्यो शिकाया गेला तर म्हशींमागं मी एकटाच. तरी धाडतो. पर खरं न्हवं पाव्हणं? मागनं न्हाई म्हणशिला?” चाचांनी गळ्यातली शिट्टी हातात धरली आणि म्हणाले, “शब्द दिला.”

शब्द दिला, मंडळी! खेळाडूंच्या जागेचा फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत भरायचा. भरला तर बिरू कॉलेजात, नाहीतर बिरू म्हशींमागं. एवढंच होतं सगळं. पण त्या झोपडीला ते केवढं मोठं!

आणि इकडं निवृत्तीसर काय करतायत? चौघांनी मिळून चौदा नावं आणली. सर स्वतः मोटारसायकल काढून एकेका गावी गेले — पुन्हा बघायला! बिरूपाशी दहा मिनिटं थांबले. म्हणाले, “उंची कमी आहे.” नाव खोडलं. असं करत किती खोडली? मोजा! अकरा! अख्खी टीम खोडली की हो सरांनी, स्वतःच्या हातानं!

चाचांनी विचारलं, “सर, शब्द शेवटचा म्हणालासा...”

सरांनी फळ्याकडं बोट केलं. खालच्या ओळीकडं.

चाचा मागं फिरले. तीस वर्षं रेघा मारणारा माणूस, त्याला रेघ कुठं आहे ते कळतं. पण घरी जाऊन जेवले नाहीत हो.

आता गंमत बघा देवाची. त्याच शनिवारी सरांच्या गावी सप्ताह. वडील — आबा जरग — सप्ताहाचे जुने पहारेकरी, पण गुडघे गेलेले. सरांना म्हणाले, माझा पहारा तू कर. सप्ताहातली वीणा तुम्हाला ठाऊकच आहे. सात दिवस जमिनीला टेकायची नाही. दोन दोन तासांचे पहारे. गळ्यात वीणा, मुखात नाम, आणि पुढचा आला की देणारा त्याच्यापुढं वाकतो, घेणारा देणाऱ्यापुढं वाकतो, आणि वीणा ह्या गळ्यातनं त्या गळ्यात जाते. मधल्या क्षणी ती कुणाच्या गळ्यात, कळतसुद्धा नाही.

बाराला सर उभे राहिले. दोनला पुढचे पहारेकरी आले — धोंडीबा, म्हातारे, हात थरथरणारे. सरांनी बघितलं ते थरथरणारे हात. मान हलवली — असू द्या, मीच करतो! चारला तिसरा आला. कोवळा पोरगा. हा नीट धरेल? पुन्हा मान हलली — असू दे! बिचारे दोघंही खांबाला टेकून बसले. आबा ओसरीवरनं नुसते बघत होते.

त्याच सुमाराला एसटीतनं दोघं उतरले. इब्राहीमचाचा, आणि शेजारी बिरू. बघितलं तर सर पहाऱ्यावर. पहाऱ्यावरल्या माणसाशी बोलायचं कसं? दोघं चपला काढून मंडपात खांबापाशी गुपचूप उभे राहिले. सरांनी त्यांना पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.

कारण सर तोवर इथं नव्हतेच. बुवा, मृदंग जरा हळू... अगदी बोटांवर वाजवा. हां. तशी वेळ होती ती. ऊन कलतंय, मंडपाच्या कनातीतनं पिवळा उजेड गाळून येतोय, उदबत्तीचा धूर त्या उजेडात वर चाललाय. तार वाजतेय — एकच सूर, तोच सूर, पुन्हा तोच. पाय जड झाले, मग हलके झाले, मग कुठं गेले कळेना. डोळे उघडे, आणि सरांना समोर मैदान दिसायला लागलं.

मैदानावर धुकं. हिरवळ ओली. चाचांनी मारलेल्या पांढऱ्या रेघा धुक्यात लांब लांब गेलेल्या, संपतच नाहीत. आणि खेळतंय कोण? सर बघतात तो डावीकडं तेच, उजवीकडं तेच! पास देणारेही तेच, घेणारेही तेच! अकरा निवृत्ती, आणि सगळे दमलेले. कुणी कुणाकडं बघत नाही. हाक मारावी तर नाव एकच. मग चेंडू त्यांच्याच गोलकडं निघाला. घाई नाही, गडबड नाही, गवतावरनं सावकाश. गोलमध्ये कोणी नव्हतं. मागं दरी होती. सरांनी शिट्टी तोंडात धरली, फुंकली, आवाज फुटेना. गळा चाचपला, तर चार शिट्ट्यांचे दोरे एकमेकांत गुंतलेले, आणि चेंडू आपला चाललाय, चाललाय...

आणि मंडळी — सर कोसळले!

मंडपात एकच ओरडा! सहा तासांनी पट्ट्याची गाठ सैल झालेली, वीणा गळ्यातनं निसटली, निघाली खाली! सात दिवसांची, नव्हे, चाळीस वर्षांची वीणा! धोंडीबांनी डोळे मिटून घेतले. आणि खांबापासनं कुणीतरी झेपावलं! आडवं! पूर्ण आडवं! छातीवर पडलं, हात लांब — आणि तळव्यांवर वीणा! जमीन चार बोटं खाली!

कोण? अहो कोण काय विचारता! ज्यानं चेंडू दरीत जाऊ दिला नव्हता, तो!

सर पडले, वीणा नाही पडली. सप्ताह अखंड राहिला!

बिरू कसाबसा उठला. वीणा पोटाशी धरलेली, कोपरं सोलवटलेली. बावरून म्हणाला, “कुणाकडं देऊ?”

आबा ओसरीवरनं काठी टेकत आले. म्हणाले, “हातात आली त्याचा पहारा. उभा ऱ्हा पोरा.”

“मला तुमचं ते नाव घ्यायला येत न्हाई, आबा.”

“बिरोबाचं येतंय न्हवं?”

“येतंय की.”

“मग घे की. वर बसलेला काय परका हाय?”

आणि बिरू वीणा गळ्यात घालून उभा राहिला. जमिनीवर बसलेल्या सरांना फक्त त्याचे पाय दिसत होते. अनवाणी, बोटं मातीत रोवलेली. डोंगराच्या टोकावर उभं राहून राहून झालेले पाय. सरांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. दहा मिनिटं उंची मोजत बसलो, पाय बघितलेच नाहीत!

आबा हळू आवाजात म्हणाले, “निवृत्ती, तू एकट्यानं सात दिवस वीणा धरली असतीस ना, तर वीणा ऱ्हायली असती लेका. सप्ता न्हाई. सप्ता गावाचा असतो.”

सर उठले. रीत काय? देणाऱ्यानं वाकायचं. ते बिरूच्या पायांवर वाकले. पोरगं लाजून मागं सरायला बघतंय, पण गळ्यात वीणा!

मग चाचा पुढं आले. मुठीतली शिट्टी त्यांनी सरांपुढं धरली. “ही परत द्यायला आलतो, सर. पोराला म्हटलं, तू बी चल, तुझ्यासमोर देतो. माझा शब्दच ऱ्हायला न्हाई, शिट्टी फुकून काय करू?”

सरांनी शिट्टी घेतली. दोरा उकलला. चाचांच्या गळ्यात घातली, आणि सगळ्या गावादेखत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“सर! काय करताय! लोक बघाय लागल्यात!”

“बघू देत, चाचा. मागच्या वेळी शिट्टी दिली तेव्हा मी वाकलो नव्हतो. म्हणून ती दिलीच गेली नाही.”

सोमवारी सकाळी कॉलेज उघडलं तसे सर ऑफिसात गेले, ओल्या फडक्यानं फळ्यावरची खालची ओळ पुसली. खोडलेली अकरा नावं पुन्हा लिहिली. बिरूच्या फॉर्मवर, ‘निवड करणारा’ म्हणून, चाचांनी सही केली — एकेक अक्षर सावकाश, जशी रेघ मारत तशी.

जिंकले का? तुम्हाला तेच! पहिल्याच सामन्यात बिरूनं दोन गोल खाल्ले. सरांचा हात छातीशी गेला, शिट्टी शोधायला. ती तिथं नव्हती. हात तसाच छातीवर ठेवून ते बसून राहिले. बिरूनं त्यांच्याकडं बघितलं. सरांनी नुसती मान डोलावली. पुढं त्या पोरानं काय काय अडवलं ते कोल्हापूरला जाऊन विचारा.

आता सांगा, मंडळी! आपापल्या घरातला फळा आठवा! मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते जगाला दिसतं, पण खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय? ‘माझ्या संमतीने’? अध्यक्षसाहेब, तुम्ही खाली बघू नका, बावीस वर्षं खुर्चीवर आहात, एवढ्यानं काही ती मोडत नाही! आणि अध्यक्षांना कशाला बोलू? मी? पाऊण तास झाला, मीच बोलतोय, मीच गातोय! मागं बारा टाळकरी ताटकळत उभे, आणि मी सूर सोडीन तर शपथ!

म्हणून आता वाकतो तुमच्यापुढं. हा वाकलो. मी गप्प. सूर तुमचा, नाव तुमचं. चुकलं तर चुकू दे, मी टोकणार नाही.

बोला, पुढचा पहारा कुणाचा?