वैद्यबुवांच्या अकरा चिठ्ठ्या

— हं, झालं. दाढ निघाली, दोन टाके घातलेत, आता हा कापसाचा बोळा दाताखाली घट्ट दाबून धर. अर्धा तास. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, डोळे वटारायचे नाहीत — बरं, डोळे वटार, त्याने टाके उसवत नाहीत. बाहेर सांगून ठेवलंय, पुढचा पेशंट अर्ध्या तासाने पाठवा. का म्हणजे? बायकोची अक्कलदाढ आहे, एवढं तर करीनच ना! खरं सांगू? ते कारण नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असं झालंय की मी बोलणार आणि तुला मधे बोलता येणार नाही — आणि मला तुला एक गोष्ट सांगायचीय. रविवारच्या आत. अगं नाही, तब्येतीचं काही नाही. बाईबिई तर नाहीच नाही, माझ्याकडे बघ जरा, मला कोण — बरं, एवढं हसायची पण गरज नाही.

आपल्या रविवारच्या खेळाबद्दल आहे. तुझ्या भावाने आपल्या जेवणाच्या टेबलावर मांडलाय तो. म्हणजे तो पुठ्ठ्याचा आडोसा करून मागे बसतो, सूत्रधार होऊन जंगलं आणि किल्ले आणि राक्षस सांगतो, आपण चौघांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा — पण तुला काय सांगतोय मी, तूच तर सेनापती. शोभतेस हो, खोटं कशाला बोलू. दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांवर ओरडून आवाज कसा कमावलायस. पुलावरच्या त्या राक्षसाला तू 'आधी आरशात बघ!' म्हणालीस आणि तो खरंच मागे वळून बघायला लागला. वरच्या मजल्यावरच्या ड्रॉइंगच्या मॅडम चोर झाल्यात, शेजारचा चष्मेवाला तिरंदाज — लोकांची नजर तपासतो आणि स्वतःचा एक बाण लागत नाही त्याचा — आणि मी वैद्यबुवा. पाठीला औषधाची पेटी, नाकासमोर चालणारा, साळसूद.

तर तो वैद्यबुवा आहे ना — सैल सोडू नकोस, दाबून धर — तो चांगला माणूस नाहीये. तो काळोखाच्या राजाचा माणूस आहे. पहिल्या रविवारपासून! तुझ्या भावाने मला गॅलरीत बोलावलं, म्हणाला, भावोजी, तुमच्यातल्या एकाला फितूर व्हावं लागेल, व्हाल का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, अहो विचार तरी करा. मी म्हटलं, केला. का? उगाच, गंमत, खेळ तर आहे — नाही, उगाच नाही. आठवतंय, पात्रं वाटताना मी म्हटलं होतं, मला योद्धा द्या? तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, 'ह्याला? हा झुरळ दिसलं की स्टुलावर चढतो, ह्याला औषधाची पेटी द्या.' मॅडम तर खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. चष्मेवाला चष्मा काढून डोळे पुसत होता. मीही हसलो. हसत हसत पेटी घेतली आणि मनात म्हटलं, थांबा, दाखवतोच.

आणि दाखवलं. दर रविवारी खेळ आटपताना मी तुला चिठ्ठी देतो की नाही, ह्याच माझ्या पॅडवरची, 'शक्तिवर्धक औषध, एक बाटली'? ते शक्तिवर्धक नव्हतं गं. विष होतं. सावकाश चढणारं; तुझ्या भावाला तेवढी वेगळी चिठ्ठी सरकवायचो. अकरा बाटल्या पोटात गेल्या की सेनापती शेवटच्या किल्ल्याच्या ऐन दरवाज्यात आडवी होणार, आणि मी तुझ्या कमरेची किल्ली काढून राजाच्या हातात देणार. अकरावी गेल्या रविवारी दिली. म्हणजे ह्या रविवारी — कळलं ना, म्हणून आज बोलतोय.

आता म्हणशील, मग सांगतोस कशाला, कर की फितुरी. तीच तर पंचाईत आहे! फितूर व्हायचं तर आधी सगळ्यांचा विश्वास बसायला हवा, म्हणून मी चांगला वागायला लागलो. नुसतं नाटक हं. पहारा मी द्यायचा, शेवटची भाकरी मॅडमना द्यायची, त्यांचा पाय मुरगळला तर त्यांना पाठीवर घेऊन डोंगर चढायचा — कागदावर का होईना, चढलो ना! तुझ्या सेनापतीचा कुठला खांदा जखमी झाला होता, एकदाही विसरलो नाही. डावा. आणि इकडे तुझा खरा खांदा महिनाभर दुखत होता, त्या शिकाऊ लोकांच्या हातातलं स्टिअरिंग ओढून ओढून, तर मी विचारलं तरी का? नाही विचारलं. वैद्यबुवांनी विचारलं असतं. तो हरामखोर आहे, पण त्याने विचारलं असतं.

आणि तू! दरीपाशी काय म्हणालीस? 'वैद्यबुवा, तुम्ही बरोबर नसाल तर मी ही दरी ओलांडणार नाही.' तुम्ही! मी पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि पाच मिनिटं नुसताच नळ सोडून उभा राहिलो. घरात आपण काय बोलतो गं? गॅस संपलाय. बिल भरलंस का. मशीनवाला येऊन गेला का. आणि रविवारी तीन ते सहा तू माझ्याकडे बघून बोलतेस. ह्या रविवारी मी तुझा केसाने गळा कापला की तू त्या टेबलाशी पुन्हा बसणार नाहीस, मी ओळखतो तुला — आणि मग परत गॅस आणि बिल. मला नको आहे ते. भीती वाटते मला त्याची. हे बघ, बोलून टाकलं.

काय? पर्स? अगं मान हलवू नकोस, देतो. काय शोधतेस एवढं — ह्या तर माझ्याच चिठ्ठ्या. चार, पाच... अकरा. सगळ्या? म्हणजे तू एकही बाटली — पण दर वेळी 'प्यायले' म्हणायचीस! सगळ्यांदेखत! हाताने काय लिहून दाखवतेस — भावाला वेगळी चिठ्ठी? आडोशामागे? 'प्यायले नाही, जपून ठेवली'? आणि तो लबाड दोन्हीकडून चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे बघून मान डोलवत होता! तरीच, तरीच म्हटलं, हिला विष चढत कसं नाही.

पण तुला कळलं कसं? हे काय, पहिल्याच चिठ्ठीवर गोल केलायस — 'रिकाम्या पोटी घेणे'. मग? त्यात काय? विष म्हटल्यावर रिकाम्या पोटी जास्त — अच्छा. अरे देवा. बरोबर आहे. त्या पोस्टमनला तशी गोळी दिली आणि तो ह्याच दारात चक्कर येऊन पडला, तेव्हापासून मी कुणाला रिकाम्या पोटी काही दिलेलं नाही. तुझ्या आईला डोळ्यांचे थेंबसुद्धा जेवणानंतर घाला म्हणून सांगितलं होतं. आवाज बदलला, चाल बदलली, अकरा आठवडे पाठांतर केलं, आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी!

थांब. पहिल्याच दिवशी. म्हणजे दरीच्या आधीपासून तुला माहीत होतं मी कोण आहे ते. मग ते 'तुम्ही बरोबर नसाल तर' — तेही नाटकच होतं म्हणायचं. नाही? मान कशाला हलवतेस, टाके — नाही म्हणतेस? खांदा काय दाखवतेस? डावा. हो, डावा, विसरलो नाही म्हटलं ना... असं. खांदा लक्षात ठेवला, त्यासाठी होय.

बरं, रडायचं नाही, नाक चोंदलं तर श्वास कुठून घेशील. मी कुठे रडतोय, हा दिवा डोळ्यांवर येतोय.

आणि ह्या अकराव्या चिठ्ठीमागे काय लिहिलंयस? 'रविवारी सगळ्या अकरा बाटल्या, वैद्यबुवांच्या सूपमध्ये.' अगं! एकदम? सगळ्या? आणि सेनापती म्हणवतेस स्वतःला! थांब, माझं पेन कुठंय — तुला हवंय? घे. काय खोडतेस? दाखव.

'सूपमध्ये' खोडलं. 'जेवणानंतर.'

म्हणजे आधी पोटभर जेवू घालणार.

ऊठ आता, सावकाश. बाहेर बाकावर बस, अजून दहा मिनिटं दाबून धर. आणि खांदा बघू — नाही, इथे नको, घरी गेल्यावर बघतो. अहो, पुढच्यांना पाठवा! काय हो, काही खाऊन आलात ना?