न बघता केलेली सही

खण्ण! मंडळी, दुपारची सामसूम, आणि चारूसिस्टरच्या स्वयंपाकघरात चहाची बशी खाली! पाडली कुणी? तिच्याच वॉर्डातल्या मालनसिस्टरनं. आणि भर मे महिन्यात अंगात लांब बाह्यांचा स्वेटर! आपल्याला पंखा पुरेना, हिला स्वेटर! चारूनं विचारलं का? छे! जिवाची मैत्रीण ना — दुसरी बशी दिली.

म्हणून आधी तुम्हालाच विचारते: दिसत असून न बघणं, ही माया की वैर?

तर ऐका. दवाखान्यात कळ थांबवणारी कडक औषधं कुलपात असतात. कुपीतलं लागेल तेवढं रोग्याला टोचायचं, उरलेलं दोघींनी मिळून ओतून टाकायचं आणि दोघींनी सही करायची. मालन म्हणाली "ओतलं", की चारूची सही झालीच! लग्नातला साक्षीदारसुद्धा नवरा-नवरीकडे बघतो हो!

बरं, मालन इतकी हौशी, की दुसऱ्यांच्या रोग्यांनाही तीच टोचायची. सगळ्याजणी खूश. नाखूश एकटे मांडी मोडलेले ढमढेरे तात्या. ते चारूला म्हणाले, "तुमच्या सुईनं मी घोरतो, त्या बाईंच्या सुईनं देवाचा धावा करतो. आणखी चार सुया, की कीर्तनालाच उभा राहतो बघा."

म्हणजे आम्हा कीर्तनकारांच्या पोटावर पाय, दुसरं काय! चारूही हसली — आणि हसता हसता तिला मालनचा तो मे महिन्यातला स्वेटर आठवला.

दुसऱ्या दिवशी ती बेसिनपाशी उभी राहिली. "ओत. मी बघतेय."

"इतक्या वर्षांनी पाळत ठेवतेस?"

"इतकी वर्षं ठेवली नाही, म्हणून."

मालननं सिरिंज खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. रोगी उचलून उचलून कंबर गेली होती. एकदा उरलेलं टोचून घेतलं, बरं वाटलं. मग रोजचंच झालं, हातावरच्या सुयांच्या खुणा स्वेटरखाली गेल्या, आणि शेवटी रोग्याच्या वाट्याचंही. चारूनं तिला हाताला धरून मेट्रनबाईंकडे नेलं, आपल्या आंधळ्या सह्याही सांगितल्या. बाई कडाडल्या, दोघींची चौकशी लावली — पण मालनला आधी उपचाराला पाठवलं. जीव वाचला, मंडळी!

हसताय? तुम्ही काय कमी सह्या करता? बायको म्हणते "मी बरी आहे" — केली सही! मुलगी म्हणते "काही नाही गं" — केली सही!

मालनची सहा वर्षांची जुई तेव्हा चारूकडेच राहायची. एकदा वेणी घालून घेताना तिनं विचारलं,

"मावशी, आईची कंबर दुखायची, तेव्हा तिनं कुणाला सांगायचं होतं?"