दाखल्यावरची तारीख

नाही नाना, तोंडी तारीख मी टाकत नाही. तुम्ही बाप आहात तिचे, ते कोण नाही म्हणतंय? पण दहावीची सनद दाखवा, नाहीतर शाळेचा दाखला, तरच हे बोट पुढे सरकणार. — हो, माहीत आहे, फॉर्मचा आज शेवटचा दिवस. कापडण्याहून कामधंदा सोडून आलात, तेही दिसतंय. म्हणून तर म्हणतो, पोरीला फोन लावा, सनदेचा फोटो मागवा. काय नाव म्हणालात — कामिनी? लावा. नाही उचलत? कॉलेजात प्रॅक्टिकलला असेल. थांबू. बसा त्या स्टुलावर, पंखा तिकडे वळवतो. देवपुरात पोरापोरींचे फॉर्म भरता भरता अठरा वर्षं झाली मला — पोलीस, तलाठी, नर्स, कंडक्टर, बठ्ठं भरलं. झुलालभाऊनं भरलेला फॉर्म परत येत नाही, असं म्हणतात लोक. म्हणू द्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली म्हणता? आठ सप्टेंबर? पक्कं आठवत असणार हो, बाप विसरतो का कुठे! तिथंच तर घोळ आहे. शाळेत कोणी घातलं तिला — तुम्हीच ना? मग गुरुजी काय म्हणाले? 'वय कमी भरतं, जून लावू का?' आणि तुम्ही म्हणालात, लावा. — बघा, आठवलं ना? तुमची स्वतःची तारीख काय? एक जून! माझीही एक जून. बायकोचीही तीच होती. आपल्याकडे खेड्यापाड्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मली, आणि उरलेलं वर्षभर बाया नुसत्या पोटुशा फिरल्या! हसा, हसा. मीही हसायचो.

माझ्या पुनमचंही तसंच. कानबाई देवी विसर्जनाला नदीवर न्यायची होती त्या दिवशी झाली ती — अकरा ऑगस्ट. बाहेर गल्लीत डफ वाजतोय, बाया गाणी म्हणताहेत, आणि आत माझ्या बायकोच्या, कुंदाच्या कळा. डफ थांबला आणि पोर रडली. शाळेत घालायच्या वेळी दोन महिने कमी पडले. गुरुजी म्हणाले, पुढच्या वर्षी आणा. मीच म्हटलं, गुरुजी, लावा जून, पोरीचं वर्ष कशाला वाया घालवता? मीच, नाना. वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

पुढे पोलीस भरती निघाली — सात वर्षं झाली त्याला. पुनम पहाटे पांझरेच्या काठानं धावायची, मी मागे सायकलवर, हातात घड्याळ. काय धावायची! फॉर्म मीच भरला, ह्याच खुर्चीत. इतरांचा भरताना मी सनद अशी ह्या कीबोर्डला टेकवून ठेवतो, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो. ती म्हणाली, 'पप्पा, सनद काढू का?' मी हसलो. म्हटलं, 'येडी का काय? तुझी जन्मतारीख मी कागदात पाहू? बाप शे मी तुझा.' टाकली अकरा ऑगस्ट आणि दाबलं बटण. तिनं वाचलंही नाही. कशाला वाचेल — अख्खं देवपूर डोळे झाकून माझ्याकडे येतं, ती तर घरची.

मैदानात पहिली आली. लेखी निघाली. यादीत नाव लागलं, मी गल्लीभर पेढे वाटले. मग कागद तपासायला बोलावलं, मी बाहेर झाडाखाली उभा. फॉर्मवर अकरा ऑगस्ट, सनदेवर एक जून. नाव बाद. टेबलावरच्या माणसाचं काही चुकलं नाही हो. त्यानं दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, मी रोज करतो तेच. पुनम बाहेर आली. मला वाटलं ओरडेल, रडेल, चार लोकांत बापाची लाज काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, 'चला पप्पा, बस निघून जाईल.' रस्ताभर मीच बोलत होतो — अर्ज करू, साहेबांना भेटू, चूक माझी आहे असं लिहून देतो. अर्जही केले, काही झालं नाही. — पुन्हा? नाही, पुन्हा नाही धावली ती. बूट शेजारच्या पोरीला देऊन टाकले. आता भडगावला असते, सासरी. कापडाच्या दुकानात साड्या दाखवते. सुखात आहे. म्हणजे, असेल. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ते मला जावयानं सांगितलं. माझ्या हातानं पोरीचं वाटोळं झालं, नाना, आणि हात तर अजून ह्याच कामावर आहे.

वाढदिवसाला फोन करतो ना. तिची आई गेली, आता ती तारीख माहीत असलेला मी एकटाच. गेल्या वर्षी अकरा ऑगस्टला लावला, तर शांतपणे म्हणाली, 'पप्पा, माझा वाढदिवस एक जूनला असतो. कागद पाहा.' बरं म्हटलं. पोरीनं सांगितलं, ऐकावं. यंदा एक जूनला लावला. म्हटलं, बेटा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तर म्हणाली, 'पप्पा, तुम्हीपण?'

— वाजला, वाजला! बघा, कामिनीनं फोटो पाठवला. मोठा करा. वाचा तुम्हीच, मोठ्यानं. एक जून! आठ सप्टेंबर टाकली असती म्हणजे? जाऊ द्या, घाम पुसा. इकडे या, सनदेत पाहून तुमच्या बोटानं टाका. शून्य, एक... हळू. नाव पाहिलं? आईचं नाव? आता दाबा. ही पावती, घडी घालू नका, पोरीच्या हातात द्या.

तिचा वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच करत जा बरं का, नाना. कागदाला कागदाची तारीख, घरात घरची.

काय? नाही, माझ्या फोनवर कोणाचं काही आलं नाही. नुसती तारीख पाहतोय सकाळपासून. अकरा ऑगस्टच आहे ना आज? — हं. बाहेर कोणी थांबलंय का? नसेल तर जाताना शटर अर्धं ओढा. नाही, जेवायचं नाही मला. जा तुम्ही. गाडी चुकेल.