मागचं सगळं धूसर

नाव नाही लिहायचं हो, फोटोच्या पाठीवर नाव नाही लिहायचं — खोडा ते. पुसलं जातंय ना? हां. आता टाका पेटीत. बसा, अजून कोणी आलेलं नाही. तुम्ही लवकर आलात ते बरंच झालं, मंडळात नवीन माणूस आला की पद्धत नीट सांगावी लागते. प्रत्येकानं आपला फोटो छापून आणायचा, ह्या पेटीत टाकायचा — नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. मग मोठे दिवे घालवायचे, फोटो त्या स्टँडवर, वरून एकच दिवा, आणि सगळ्यांनी बोलायचं. प्रकाश, चौकट, मनाला येईल ते. ज्यानं काढलाय त्यानं मात्र गप्प बसायचं. हूं की चूं नाही. नियम कोणाचा? माझाच. पूर्वी डॉक्टरीणबाईंचा फोटो आला की सगळे वा वा, आणि शिंप्याचा आला की सगळ्यांना घरी जायची घाई — म्हटलं, नावंच काढून टाकू. चांगला नियम आहे तसा. मी अजूनही म्हणतो, चांगला आहे.

हा फोटो? हा मागच्या बैठकांतला. घ्या ना, बघा — काय दिसतं सांगा. बाकावर झोपलेला माणूस, बरोबर. हात खाली लोंबतोय. आणि मागे? मागे काही नाही, नुसता करडा धूर. दुकान असेल, बसचा थांबा असेल, दवाखान्याचं दार असेल — कळतच नाही. हेही माझंच शिक्षण. घसा कोरडा केलाय मी इथे उभा राहून — मागचं धूसर करा, नजर इकडेतिकडे जाता कामा नये, माणूस तेवढा उठून दिसला पाहिजे. शिकले बिचारे. इतके छान शिकले, की मी भिंग घेऊन बसलो तरी एक पाटी वाचता येत नाही.

कशाला म्हणजे — तसंच आपलं. नाही, सांगतो. हा पहिल्यांदा स्टँडवर आला तेव्हा मी तोंड सोडलं. धड पाहिलाही नव्हता — झोपलेल्या माणसाचा फोटो म्हणजे चोरी, ज्यानं काढलाय त्याला लाज वाटायला हवी, असं भर बैठकीत. सवयच आहे मला, सगळ्यांना माहीत आहे. तर आमच्यातला एक चष्मेवाला म्हणाला, पण स्वेटरची वीण बघा किती सुंदर आलीये — म्हणून मी पाहिलं. कोपराला वेगळ्या लोकरीचं ठिगळ. आमच्या आईनं लावलेलं. धाकटा घरातून गेला तेव्हा हाच स्वेटर होता अंगात.

सख्खा भाऊ हो. डोकं ठिकाणावर नसतं त्याचं — गोळ्या घेतल्या तर माणसात, नाही घेतल्या तर घरचेच वैरी. भांडून गेला. पोलिसांत कळवलं, दवाखाने पालथे घातले, पत्ता नाही. आणि हा इथे, माझ्याच पेटीत. मी तिथल्या तिथे हात जोडले — कोणी काढलाय सांगा, रागावणार नाही, कुठे एवढंच सांगा. कोणी हलेना. आधी मीच लाज काढलेली, आता कोण कशाला पुढे येईल? एकेकाच्या घरी जाऊन आलो. सगळे बसा म्हणतात, पाणी देतात, आणि आमचा नाही म्हणतात. छापणारा म्हणतो, ढिगानं येतात, कोणाचं काय लक्षात ठेवू.

आईला दाखवायला नको होता. दाखवला. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं, म्हणाली, वाळलाय. मग म्हणाली, कुठे आहे? म्हटलं, माहीत नाही. अरे, फोटो तुझ्या हातात आहे आणि कुठला ते माहीत नाही? — आता तिला काय सांगू, आमच्यात अशीच पद्धत आहे म्हणून? रोज विचारते. मी बाहेर जायचे कपडे घातले की तिला वाटतं, त्याला आणायलाच निघालोय.

मग एक युक्ती सुचली. फोटो पुन्हा लावायचा. सगळे बोलतील, आणि जो गप्प बसेल — तोच की. नियम हाडात भिनलाय त्यांच्या, सुटायचा नाही. मागच्या बैठकीला लावला. कोणीच बोललं नाही. एरवी कुत्र्याच्या शेपटीवरून तासभर भांडणारी माणसं, सगळी खाली बघत. का? तर माझा भाऊ म्हणून. माझ्यावरच्या मायेनं हो. आणि त्या मायेत तो एक जण कुठे दडून बसलाय, मला काही दिसेना.

म्हणून म्हणतो — जिन्यावर पावलं वाजली, लवकर ऐका — आज मी पुन्हा लावणार आहे. तुम्ही नवीन, तुम्ही सुरुवात करा. प्रकाश कमी आहे म्हणा, हात फार पुढे आलाय म्हणा, खुशाल नावं ठेवा. एकानं तोंड उघडलं की चष्मेवाल्याला राहवत नाही, मग डॉक्टरीणबाई, मग शिंपी — मी नुसता चेहरे बघत राहीन. एवढं कराल ना? आत्ताच म्हणून बघा. त्या हाताबद्दल काहीतरी. काहीही.

असे काय बघताय?

नाही ना येत बोलता. माझंच चुकलं — सगळं सांगून बसलो तुम्हाला. आता तुम्हीही गप्पच बसणार. राहू द्या. तो फोटो द्या इकडे, आणि भिंतीकडची खुर्ची घ्या. दिवे घालवतो.