बरगड्यांची पर्स

ताई : ही पर्स उजेडाकडे धर. खिडकीकडे. काय दिसतंय?

धाकटी : बरगड्या. मुद्दामच ठेवल्यात, ताई. बाकीच्या एक्स-रे फिल्म ब्लीचमध्ये धुऊन पारदर्शक केल्या, ही तेवढी तशीच ठेवली.

ताई : कोणाच्या बरगड्या?

धाकटी : आईच्या.

ताई : आणि आईचा एक्स-रे कापायला तुला कोणी सांगितलं होतं?

धाकटी : आईनेच पाकीट दिलं. म्हणाली, घे, पडून आहे. तीन आठवडे पट्ट्या कापून विणत बोटं सोलून घेतली मी. आज तुझा सत्कार आहे, म्हणून ही भेट! बंदाला शिवणयंत्राचा पट्टा लावलाय, आतून आपल्या मोडक्या छत्रीचं कापड आहे. एकदा छान म्हण, मग ओरड.

ताई : छान! आईच्या उजव्या फुप्फुसात वर पांढरा ठिपका आलाय. डॉक्टरांना जुना एक्स-रे हवाय. सहा वर्षांपूर्वीही ठिपका तेवढाच असेल, तर फारशी काळजी नाही. सोमवारी जुना दाखवला नाही, तर छातीत सुई घालून तुकडा काढणार. मी कपाटं उपसतेय, आणि तू तो माझ्या हातात देतेस, बटण लावून!

धाकटी : ठिपका कधी कळला?

ताई : बावीस दिवस झाले.

धाकटी : आणि मला आज सांगतेस? रोज फोनवर विचारते आई कशी आहे. रोज म्हणतेस, मजेत.

ताई : तू रडून घर डोक्यावर घेतेस म्हणून.

धाकटी : सांगितलं असतंस तर मी त्या पाकिटाला कात्री लावली असती? मी काय परकी आहे?

आई : भांडू नका गं. मी दिलं ते.

ताई : तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. ठिपका कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलंस. आत काय आहे ते आठवत नव्हतं ना तुला?

आई : आठवत होतं.

ताई : आई!

आई : वाटलं, जुना नसला की ताडून बघायला काही उरणार नाही. मग डॉक्टर नाद सोडतील.

ताई : नाद सोडत नाहीत, सुई घालतात! आणि माझ्याशेजारी बसून शोधत होतीस! पलंगाखाली बघ म्हणालीस! मी पलंगाखाली शिरले होते, आई!

आई : कशी सांगणार? आत्ता ओरडतेयस तशीच ओरडली असतीस.

धाकटी : दवाखान्यात एखादी प्रत...

ताई : पाच वर्षांच्या वरचं ठेवत नाहीत. विचारून झालं.

धाकटी : पट्ट्यांना नंबर आहेत.

ताई : काय?

धाकटी : मागे, मार्करने. एक ते चोवीस. बरगडीला बरगडी जुळावी म्हणून. उभ्या पट्ट्या सगळ्या आईच्या, ओळीने. आडव्या धुतलेल्या. शिवण उसवून आडव्या ओढून काढल्या की झालं. उजवी बाजू म्हणजे...

ताई : फिल्मवर डावीकडे. गळ्याच्या हाडाखाली. म्हणजे झाकणात. आणि झाकणाला तू बटणासाठी भोक पाडलंयस!

धाकटी : भोक मधोमध आहे, बारा-तेरावर. कात्री दे.

ताई : थांब. पर्स जाईल.

धाकटी : खड्ड्यात गेली पर्स. कात्री दे म्हणते ना!

आई : हळू गं, बोट कापशील.

धाकटी : तू काही बोलू नकोस.

(धाकटी शिवण उसवते, आडव्या पट्ट्या एकेक ओढून काढते.)

धाकटी : पाच. सहा. काचेला चिकटव. सरळ लाव, ताई.

ताई : तिरकीच लागतेय.

धाकटी : सरक, मी लावते. सात. आठ. हे बघ, ठिपका अर्धा सातवर, अर्धा आठवर.

ताई : मोजपट्टी दे. आठ मिलिमीटर.

धाकटी : आणि आताच्या रिपोर्टमध्ये?

ताई : आठ.

धाकटी : नीट मोज.

ताई : दोनदा मोजला. आठ.

आई : म्हणजे काय गं?

ताई : ते सोमवारी डॉक्टर सांगतील. तोवर माझ्याशी बोलू नकोस.

आई : बरं. आणि सोमवारपर्यंत मी अशीच काचेवर?

धाकटी : हो. डोळ्यांसमोर.