घर आपलं, भुई दुसऱ्याची

चूक माझ्या बापाचीच. निजामाच्या अमलात त्यानं नरसीत एका सोयऱ्याकडून घर घेतलं. मी म्हटलं, “बा, खालची जागा कुणाची ते कागदात बघ.”

“सोयऱ्याला कागद मागू? शाळा सोडलेल्यानं अक्कल शिकवू न्हाई.”

दोन वर्षांनी जागेचा मालक आला. “जागा तुमच्या सोयऱ्याला पट्ट्यानं दिली होती, मुदत सरली. लाकडं, कवाडं तुमची, घेऊन जा.”

बापानं घरावरचं माळवद उतरवलं. आई मात्र चुलीपाशी बसून राहिली.

“काहून बसलीस?” बापानं विचारलं.

“इथं धाकटीची नाळ पुरलीय.”

बाप तिच्याशेजारी बसला, बोटांनी भुई उकरली आणि ओंजळभर माती तिच्या पदरात घातली.

“मालकाला विचारलं का?” मी टोचलं.

“न्हाई,” तो म्हणाला, “एवढी आपली हाय.”

त्या घरासाठी त्यानं विहिरीचं वावर विकलं होतं. घरही गेलं, वावरही गेलं.